काबान्यालचा गुरुवार

पहिल्या गुरुवारी मला जाग आली ती लोखंडी पाइपांच्या खणखणाटाने. सात वाजायला आले होते, बाहेर अजून अंधारच होता. बाल्कनीतून वाकून पाहिलं तर रात्री दुतर्फा गाड्यांनी भरलेली गल्ली मोकळी झाली होती आणि पांढऱ्या व्हॅन उलट्या येऊन लागत होत्या. माणसं पाइप जोडत होती, त्यांवर ताडपत्री ओढत होती, या टोकावरून त्या टोकाला हाका मारत होती. नवऱ्याला हलवून उठवलं नि म्हटलं, "अरे, आपल्या दारात बाजार भरतोय."

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला येऊन आम्हाला जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याला इथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठात दोन वर्षांचं काम मिळालं होतं, मी नोकरी सोडून सोबत आले होते. भाषा येत नव्हती. भाजी घ्यायची ती सुपरमार्केटातून: आपणच पिशवीत भरायची, आपणच काट्यावर ठेवायची, चित्राचं बटण दाबायचं, निघालेली चिठ्ठी चिकटवायची. तोंड उघडायची गरजच नाही. संध्याकाळी नवरा घरी येईपर्यंत दिवसभरात माझ्या तोंडून एक 'ओला' म्हणजे नमस्कार आणि एक 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद बाहेर पडलेलं असायचं. मी सांगली जिल्ह्यातल्या बाजाराच्या गावात वाढले. आमच्या ओट्यासमोरच आठवडे बाजार भरायचा. त्यामुळे ती शांतता मला फार जड जात होती.

व्हॅलेन्सियाला येणारे पर्यटक शहराच्या मध्यावरची मोठी मंडई, मेर्कादो सेंट्रल, बघून जातात. १९२८ साली उघडलेली ती रंगीत काचांची, घुमटांची इमारत देखणी आहे, बघावीच. पण इथल्या घरांचा बाजारहाट बराचसा होतो तो वस्तीतल्या रस्त्यावर. वस्तीवस्तीला आठवड्याचा एक वार नेमून दिलेला असतो. रुसाफाला सोमवार, आमच्या काबान्यालला गुरुवार. त्याला म्हणायचं 'मेर्कादियो'. काबान्यालमध्ये मासळी-मटणासाठी पक्क्या मंडईची इमारत वर्षभर चालू असतेच, गुरुवारी तिच्या भोवतालच्या गल्ल्यांमध्ये ताडपत्र्या लागतात. एका अंगाला भाजी, फळं, ऑलिव्ह, खारवलेली मासळी, सुकामेवा, तर दुसऱ्या अंगाला कपडे, चपला, पडदे, गाद्यांची कव्हरं, बायकांच्या अंतर्वस्त्रांचे ढीग. दुपारी दोनला सगळं उठतं.

त्या पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन अक्षरशः धावत खाली उतरले.

गल्लीच्या तोंडाशीच एक भाजीचा ठेला होता. मागे एक पन्नाशीची बाई, समोर लाकडी पेट्यांमध्ये टोमॅटो, वांगी, चपट्या शेंगा, मातीसकट बटाटे. सात-आठ बायका उभ्या होत्या. कुणी ठेल्याला टेकून, कुणी दोन पावलं मागे सावलीला, एक जण तर शेजारच्या ठेल्यावर मोजे चाळत होती. रांग अशी कुठे दिसतच नव्हती. आपल्याकडे भाजीवालीपुढे रांग नसतेच, जिचा हात पुढे तिचा सौदा आधी. मी तशीच पुढे झाले आणि टोमॅटोकडे बोट दाखवून म्हटलं, "उन किलो."

मागून आवाज आला, "नीन्या, आय कोला!"

नवऱ्याने शिकवलेल्या शंभर शब्दांमध्ये 'कोला' होता. रांग. मुली, रांग आहे. ऐंशीच्या पुढची एक आजी, चौकड्यांच्या कापडाची चाकांची पिशवी घेऊन, माझ्याकडे रोखून बघत होती. मला शरमेने काही सुचेना. मी मागे सरले, पण कुठे उभं राहायचं तेच कळेना. रांगेचं शेपूट कुठे आहे? शेवटी काही न घेताच वर आले. चहा ठेवला आणि बाल्कनीतून त्या ठेल्याकडे पाहत बसले. अर्धा-पाऊण तास बसले असेन. मग उलगडलं.

नवीन बाई येते. ठेल्यापाशी थांबते आणि कुणा एकीकडे न बघता मोठ्याने विचारते, "ला उल्तिमा?" शेवटची कोण? कुणीतरी बोट वर करतं, "यो." मी. बस, एवढंच. आता त्या बाईने तो चेहरा ध्यानात ठेवायचा. पुढे एक बाई आहे, तिच्यानंतर मी. मग ती मोकळी. ब्रेड आणायला जावं, सावलीत बसावं, मैत्रिणीशी गप्पा माराव्यात. तिच्या पुढचीचा सौदा संपला की हिची पाळी. भाजीवाली विचारते "किएन वा?", आता कोण? आणि बरोबर तीच बाई पुढे येते. रांग असते, पण ती जमिनीवर नसते, माणसांच्या आठवणीत असते. प्रत्येकीला फक्त आपल्या पुढची ठाऊक. अख्खी रांग कुणालाच ठाऊक नाही, तरी ती तुटत नाही. मध्येच कुणाला घरी जायचं झालं तर मागचीला सांगून जायचं, "मी चालले, तू त्या लाल स्वेटरवालीच्या मागे."

मला हे फार आवडलं. सुपरमार्केटात रांग पायाने लावतात. इथे तोंडाने लावावी लागते. जो बोलणार नाही त्याला भाजी मिळणार नाही, असाच त्याचा अर्थ होता, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

पुढचा आठवडाभर स्वयंपाकघरात सराव केला. नवरा भाजीवाली व्हायचा. बायकाच असतील तर 'ला उल्तिमा', पुरुष असले तर 'एल उल्तिमो'. वस्तीतली जुनी माणसं आपसात व्हॅलेन्सियन बोलतात, ती स्पॅनिशची बहीण पण वेगळी भाषा. तिच्यात शेवटचा म्हणजे 'लूल्तिम'. दुसऱ्या गुरुवारी ठेल्यापाशी जाऊन विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. पुन्हा विचारलं. एक हात वर झाला. मागच्या आठवड्यात मला टोकणारीच आजी. "यो, रेना," ती म्हणाली. रेना म्हणजे राणी. त्या दिवशी मी तिच्या मागे होते, आणि पुढे कितीतरी गुरुवार तिच्याच मागे राहिले, कारण तीही दहाच्या ठोक्याला यायची आणि मीही.

इथे एक सांगायला हवं. बाजारात सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. भाजीवाली मला 'रेना' म्हणायची, 'बोनिका' म्हणायची, कधी व्हॅलेन्सियनमध्ये 'फिया', म्हणजे पोरी. मी तिच्याशीही 'तू'नेच बोलायला शिकले, पण आजीशी बोलताना माझ्या तोंडून 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही'च यायचं. आजीने दोनदा सांगितलं, मला तू म्हण. नाही जमलं. मनातल्या मनात मी भाजीवालीला मावशी आणि त्यांना आजी म्हणत होते, आणि आजीला अरे-तुरे करणं आमच्याकडे चालत असलं तरी परक्या घरच्या आजीला कसं करणार?

पहिला महिना आकड्यांनी छळलं. भाव पाटीवर खडूने लिहिलेले असतात. इथली माणसं एकाचा आकडा लिहिताना वरून इतकी लांब तिरपी रेघ ओढतात की तो मला सात वाटायचा. सात लिहिताना मधोमध आडवी रेघ मारतात, ते मला माहीत नव्हतं. लाल ढोबळ्या मिरच्यांचा भाव मी साडेसात युरो किलो वाचला आणि दोन आठवडे मिरच्यांकडे फिरकले नाही. तिसऱ्या आठवड्यात आजीने घेतल्या आणि सुट्टी नाणी मोजून दिली तेव्हा लक्षात आलं की दीड युरो आहे. पैशांच्या आधी टिंब नसतं, स्वल्पविराम असतो, तेही सवयीने कळलं. आपल्या बाजारात परका माणूस देवनागरी १ ला नऊ समजतो, तसलाच हा प्रकार.

पण मोजमापाने माझी सगळी भीती घालवली, आणि तीही एका क्षणात. ऑलिव्हच्या ठेल्यावर मी आजीच्या मागे उभी होते. हिरव्या, ठेचलेल्या, लसूण घातलेल्या, सुरकुतलेल्या काळ्या, अशा दहा-बारा जातींच्या ऑलिव्हच्या पातेल्या मांडलेल्या. शेजारी खाऱ्या पाण्यात भिजवलेले पिवळे चपटे दाणे, आणि पलीकडे खारवलेला बाकालाओ मासा पांढऱ्या फळीसारखा कडक. आजीने ठेचलेल्या ऑलिव्हकडे बोट केलं आणि म्हणाली, "क्वार्तो इ मिताद."

क्वार्तो म्हणजे पाव. मिताद म्हणजे अर्धा. पाव आणि अर्धा? कशाचा अर्धा? किलोचा अर्धा धरला तर पाऊण किलो होईल. ठेलेवाल्याने झाऱ्याने ऑलिव्ह निथळले, डब्यात भरले, काट्यावर ठेवले. मी काट्याकडे बघत होते. आकडा तीनशे ऐंशीच्या आसपास थांबला. पाव किलो आणि त्या पावाचा अर्धा. तीनशे पंचाहत्तर ग्रॅम.

दीडपाव!

मी मोठ्याने म्हणाले असेन, कारण आजीने वळून पाहिलं. त्यांना सांगायचं होतं की आमच्याकडेही हेच माप आहे, माझी आई शेंगदाणे दीडपाव घेते, चहापत्ती दीडपाव घेते, वजन ग्रॅममध्ये बोलायची तिला सवयच नाही. तेवढी भाषा नव्हती. मी एवढंच म्हटलं, "माझी आई, भारत, सारखंच, क्वार्तो इ मिताद." आजीने ठेलेवाल्याकडे पाहून मान हलवली. आणि माझी पाळी आली तेव्हा मीही तेच माप मागितलं. ठेलेवाल्याने एक जास्तीचा ऑलिव्ह काडीला टोचून हातात दिला. आजही शेजारच्या तरुण मुली तिथे 'तीनशे ग्रॅम' म्हणतात. मी मात्र दीडपावच म्हणते. दोन्ही भाषांमध्ये.

एक चूक मात्र सुधारायला वेळ लागला. आपल्याकडे भेंडी घेताना शेंडा मोडून बघतात, काकडी दाबून बघतात. इथे ठेल्यावरच्या मालाला हात लावायचा नाही. आपण सांगायचं, मावशीने भरायचं. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी मी न कळत एका चपट्या शेंगेचं टोक मोडलं. कट्ट झालं. मावशीचा चेहरा बदलला. ती ओरडली नाही, पण ती मोडकी शेंग तिने उचलून बाजूला ठेवली आणि मला तिचे हात दाखवले. बोटांच्या पेरांमध्ये माती बसलेली, अंगठ्याच्या नखाखाली हिरवं. "हे मी आज पहाटे तोडलंय," ती म्हणाली. ठेल्यावर एक पुठ्ठ्याची पाटी होती, व्हॅलेन्सियनमध्ये लिहिलेली: स्वतःच्या शेतातला माल. ती मी तोवर वाचलीच नव्हती. ताजेपणाची खात्री मी शेंगेकडून करून घेत होते, ती देणारी बाई समोर उभी होती.

त्यानंतर मी निवडायचं सोडून दिलं आणि विचारायला लागले. आज काय घेऊ? मावशी सांगायची. हे आज घे, ते पुढच्या आठवड्यात. टोमॅटो कधी खाणार, आज की शनिवारी? त्याप्रमाणे ती हाताने चाचपून पिकलेले किंवा जरा कच्चे काढून द्यायची. आणि शेवटी, पैसे देऊन झाल्यावर, पिशवीत वर एक पेरेखिलची काडी-काडीने बांधलेली जुडी. पेरेखिल म्हणजे पार्सली, आपल्या कोथिंबिरीची चुलत बहीण. पहिल्यांदा मी म्हणाले, मी हे नाही मागितलं. रांगेतल्या बायका हसल्या. ते मागायचं नसतं, विकतही घ्यायचं नसतं. मासळीवाला देतो, भाजीवाली देते. गावाकडे भाजी घेतल्यावर वरून कढीपत्त्याची काडी नि कोथिंबिरीच्या चार काड्या टाकणारी आमची भाजीवाली मावशी मला त्या दिवशी डोळ्यांपुढे दिसली.

त्या चपट्या शेंगा म्हणजे फेर्राऊरा. आपल्या घेवड्याच्या जातीच्या, तळहाताएवढ्या रुंदीच्या नाही पण दोन बोटं सहज भरतील अशा. त्यांच्या शेजारी वाटीत सोललेले मोठे, पांढरे, चपटे दाणे असायचे. गार्रोफो. या दोन्हींशिवाय व्हॅलेन्सियातल्या घरची पाएया होत नाही. मासे घातलेला पिवळा भात म्हणजे पाएया अशी माझी समजूत होती. ती रांगेतल्या बायकांनी मोडून काढली. कोंबडी, ससा, फेर्राऊरा, गार्रोफो, टोमॅटो, केशर, तांदूळ. कांदा घालायचा नाही. कांद्याचं नाव काढलं तर रांगेत भांडण होतं, मी ते कानाने ऐकलं आहे. गार्रोफो हातात घेतला आणि मी ओळखला. आपली डबल बी. मी घरी नेऊन ओलं खोबरं, गोडा मसाला घालून तिची उसळ केली. पुढच्या गुरुवारी आजीने विचारलं, पाएया कशी झाली? मी सांगितलं की उसळ केली. कशी, कशी, म्हणून चार बायकांनी मला घेरलं, आणि मला भूतकाळातली स्पॅनिश क्रियापदं त्या दिवशी आली तेवढी कुठल्या वर्गात आली नसती. चिरला, परतला, घातला, शिजवला.

कपड्यांच्या बाजूला मी कमी जायचे. तिथले ठेले बहुतेक गितानो म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी कुटुंबांचे, पिढ्यान्‌पिढ्या फिरते बाजार करणारी माणसं. आज काबान्याल, उद्या दुसरी वस्ती. टेबलावर चढून ओरडणारी पोरं, "नेऊ द्या हो, हातातून हिसकावून नेताहेत माझ्या!" त्या आवाजासाठी मात्र मी अधूनमधून तिकडून वळसा घालून येई.

साडेदहा-अकराला बाजार जरा मंदावतो, कारण तेव्हा एस्मोर्सारेत असतं. न्याहारी आणि जेवण यांच्या मधलं खाणं. पण त्याला मधलं म्हणणं चूक ठरेल, हातभर लांबीचा पाव असतो. कोपऱ्यावरच्या बारमध्ये ठेलेवाले पाळीपाळीने जाऊन बसतात. टेबलावर आधी येतात ऑलिव्ह आणि भाजलेल्या शेंगा. टरफलासकट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या शेंगांकडेच बघत राहिले. मधे चिमटा घेतल्यासारखी कंबर असलेल्या, इथल्याच मातीतल्या. त्यांना 'काकाउ देल कोल्यारेत' म्हणतात. भुईमुगाच्या मुलखातली माझ्यासारखी बाई परक्या देशात भर बाजारात बसून शेंगा फोडतेय आणि टरफलं ताटलीत टाकतेय, हे सुख मी शब्दात काय सांगणार. शेवटी क्रेमाएत येतं: साखर, दालचिनी, लिंबाची साल घालून पेटवलेली रम आणि वर कॉफी. मी रम घेत नाही, पण पेटवतानाची निळी ज्योत बघायला आवडते.

एकदा तिथेच आजी शेजारी येऊन बसल्या आणि काबान्यालबद्दल बोलल्या. ही मूळची कोळ्यांची वस्ती. गवताने शाकारलेल्या झोपड्यांच्या, समुद्राला समांतर रांगा होत्या, त्याच आज गल्ल्या झाल्या. १८९७ पर्यंत ही वेगळी नगरपालिका होती, मग व्हॅलेन्सियात घातली. आगींमध्ये झोपड्या गेल्या, लोकांनी पक्की घरं बांधली आणि दर्शनी भिंतींना चकचकीत रंगीत फरशा लावल्या. निळ्या, हिरव्या, फुलापानांच्या. आजींचं घर हिरवं आहे. १९९८ मध्ये शहरातला मोठा रस्ता, ब्लास्को इबान्येस, सरळ समुद्रापर्यंत नेण्याचा आराखडा आला. तो काबान्यालला मधोमध चिरून जाणार होता. कित्येक घरं विकत घेतली गेली, पाडली गेली. लोक लढले. सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने २०१० च्या सुमारास ते काम रोखलं आणि २०१५ नंतर तो बेत सोडून दिला गेला. पण मधल्या काळात पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा अजून दिसतात, भिंतीवर शेजारच्या नसलेल्या घराच्या जिन्याची खूण राहिलेली. आजी म्हणाल्या, "त्या वर्षांत शेजारीपाजारी निघून गेले. गुरुवारी मात्र सगळे बाजारात भेटायचे. कुठूनही यायचे." त्यांनी एवढंच सांगितलं आणि शेंगा फोडत बसल्या. तेव्हा मला कळलं की पहिल्या दिवशी त्या इतक्या रोखून का बघत होत्या. ती रांग त्यांनी राखलेली होती.

मावशीचं शेत आल्बोरायाच्या बाजूला आहे, शहराला लागूनच. आसपासच्या या बागायती पट्ट्याला ओर्ता म्हणतात. आल्बोराया चुफासाठी प्रसिद्ध. लव्हाळ्याच्या कुळातल्या गवताच्या या छोट्या गाठी, त्यांचं दूध काढून ओर्चाता नावाचं पेय करतात. आपण ज्याला तण म्हणून खुरपून टाकतो त्याच्या भाऊबंदाला इथे मान आहे. मावशीच्या शेताला पाणी येतं ते रास्कान्या नावाच्या पाटाचं. एकदा मी विचारलं, पाण्याची पाळी कोण ठरवतं? ती म्हणाली, "आज गुरुवार आहे ना? बारा वाजता कॅथीड्रलच्या दारात जाऊन बघ."

पिशवी घरी टाकून बसने गेले. 'अपोस्तलांचं दार' म्हणतात त्या कॅथीड्रलच्या दारापुढे लोखंडी कठडा, आत अर्धगोलात खुर्च्या. बाराचे ठोके पडले आणि काळे झगे घातलेले आठ जण येऊन बसले. आठ पाटांचे आठ पंच, सगळे शेतकरीच. हे पाण्याचं न्यायपीठ. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी आणि व्हॅलेन्सियनमध्ये. चोपदार एकेका पाटाचं नाव पुकारतो, त्या पाटाच्या तक्रारी असतील तर पुढे या. क्वार्त, तोर्मोस, मिसलाता, मेस्ताया... रास्कान्याचं नाव आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माझ्या घरातल्या शेंगांचं पाणी ते. त्या दिवशी तक्रार कुणाचीच नव्हती, पाच मिनिटांत सगळं आटोपलं. २००९ मध्ये युनेस्कोने या न्यायपीठाला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत होती. बंधारे, पाट, गावाने नेमलेला पाटकरी, पाण्याच्या पाळ्या. तिची आठवण तिथे उभं राहून येणारच. तिच्यातलं किती आज उरलं आहे, या विचाराने वाईटही वाटलं.

नोव्हेंबरात ठेल्यावर लाल भोपळा आला. इथे तो भट्टीत भाजून, कापूनही विकतात. मार्चमधल्या फायासच्या सणात त्याच भोपळ्याचे बुन्योल्स तळतात, मधे भोक असलेले. मावशीने मोबाइलवर फोटो दाखवला. मी म्हटलं, आमच्याकडे घारगे करतात. पुढच्या गुरुवारी डब्यात घेऊन गेले. गूळ इथे मिळाला नव्हता, तपकिरी साखर घातली होती. मावशीने हात पुसले, एक मोडला, नाकाशी नेला. "हा वास कशाचा?" वेलदोड्याचा. आजीने दुसरा घेतला. रांगेतल्या बायकांपर्यंत डबा फिरला आणि मावशीने उरलेले दोन कागदात गुंडाळून आईसाठी ठेवले.

मग मी धीर करून विचारलं की पेरेखिलसारखी कोथिंबीर, सिलांत्रो, तू का नाही लावत? तिने नाक मुरडलं. इथल्या बऱ्याच लोकांना तो वास सोसत नाही. कोण घेणार? मी, मी म्हटलं. आणि त्या पुढच्या गुरुवारी पाकिस्तानी दुकानातून आणलेले मूठभर धणे तिला दिले. तसेच पेरू नकोस, हे सांगायला शब्द सापडेनात. ठेल्यामागे जाऊन चार धणे फरशीवर टाकले, चपलेखाली हलक्या पायाने रगडले आणि दोन-दोन फोडी झालेल्या दाखवल्या. असे फोडून पेरायचे, म्हणजे दोन्ही दलं उगवतात. ती वाकून बघत होती. फोडी तिने गोळा करून एप्रनच्या खिशात टाकल्या.

डिसेंबर गेला. क्लेमेनूलेस जातीच्या, पातळ सालीच्या मँडरिन संत्र्यांच्या राशी लागल्या, त्याही हळूहळू कमी झाल्या. जानेवारीच्या अखेरच्या गुरुवारी वारा इतका होता की अर्धे ठेले आलेच नव्हते. आजीच्या मागे माझा नंबर. माझी भाजी भरून झाल्यावर मावशी खाली वाकली आणि पेटीखालून ओल्या कापडात गुंडाळलेली एक जुडी काढली. आखूड दांड्यांची, मुळांसकट, मुळांना काळसर माती. फडकं सोडल्याबरोबर वास सुटला आणि आजी एक पाऊल मागे झाल्या.

"किती झाले?" मी विचारलं.

"पेरेखिलचे कधी घेतलेत का मी?" मावशी म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत तिने आवाज दिला, "किएन वा?"